फुगवटा असलेली नस

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी रबरी नळ्यांचा गुंता करून ठेवला आहे. मी माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा नमुना आहे. सिलिकॉनचा. एका वळणावर मला वाटाण्याएवढा फुगवटा आहे. खऱ्या माणसाच्या डोक्यात असा फुगवटा फुटला, तर पुष्कळदा जीवच जातो.

माझी मालकीण म्हणजे डॉक्टर मलिहा, जानेफळ गावच्या खुर्शीद टेलरची मुलगी. संभाजीनगरच्या एका मोठ्या रुग्णालयात त्या उपचारही करतात आणि संशोधनही. मांडीच्या नसेतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची आणि फुगवट्यात केसासारखी तार भरून तो आतून बंद करायचा, असा हा उपचार. पण फुगवट्याचं तोंड रुंद असलं की तार घसरते, रक्ताची वाट अडते आणि माणसाला लकवा मारतो. ती घसरू नये म्हणून काय करावं, या एकाच प्रश्नात मलिहाबाईंची आठ वर्षं गेली.

त्या आठ वर्षांत माझ्यातून किती लाल पाणी वाहिलं, त्याला गणती नाही. तार बसे, घसरे. "परत," त्या म्हणत. मी दमून जाई. त्याही दमत. दिवसभर रुग्ण पाहून माझ्यापाशी येत, तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले असत. एकदा तार सलग सतरा वेळा घसरली. त्या टेबलावर कपाळ टेकून नुसत्या बसून राहिल्या. मग उठल्या आणि माझ्यातलं पाणी बदललं. पुढे कधीतरी तार जागेवर राहू लागली. मग तपासण्या झाल्या, परवानग्या मिळाल्या आणि ती रीत रुग्णांसाठी वापरात आली. कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. मी मात्र धुरकट होत चाललो होतो.

एका रविवारी गावातल्या लोकांना दाखवायला मला डब्यात घालून त्या जानेफळला आल्या. आरोग्यसेविका बेबीताई त्यांना थेट आशाबाईंच्या घरी घेऊन गेल्या. तीन दिवसांपूर्वी कापूस वेचताना आशाबाईंच्या डोक्यात घणाचा घाव बसावा तशी कळ आली होती. त्या जागीच ओकल्या होत्या. पित्त समजून नवऱ्यानं, कडूबांनी, गोळी दिली होती. मलिहाबाईंनी त्यांची मान वाकवून पाहिली. वाकेना. डावी पापणी उतरली होती.

"कडूबाकाका, आत्ताच संभाजीनगरच्या दवाखान्यात चला. डोक्यातली नस फुटली असंन. पुन्हा फुटली तं हाती काही राह्यनार नाई."

"डोकंच तं दुखून राह्यलं तिचं," कडूबा चिडले. "त्याच्यासाठी मेंदू फाडता काऊन?"

मलिहाबाईंनी वाद घातला नाही. मला कडूबांच्या हातात दिलं आणि पिचकारीनं माझ्यात लाल पाणी सोडलं. त्यांच्या अंगठ्याखाली फुगवटा ठकठक उडू लागला.

"हे तिच्या डोक्यात हाय?"

"हाव, काका. फाडाचं काही नाई. मांडीतून तार नेतो."

"अन् तार घसरली तं?"

"घसरू शकते," मलिहाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "म्हनूनच आठ वर्सं हेच करून राह्यली मी."

कडूबांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "बेबी, गाडी बोलाव."

संभाजीनगरच्या रुग्णालयात तार जागेवर बसली. आशाबाई वाचल्या. पण आधीच सांडलेल्या रक्तानं आपलं काम केलं होतं. त्यांचा उजवा हात पुन्हा पुरता उचलला गेला नाही. कापूस वेचणं सुटलं.

पुढे रुग्णालयात नवे, स्वच्छ नमुने आले. मला चीर गेली होती, पाणी गळत होतं. वर्षभर मी कपाटात धूळ खात पडलो. अखेर मलिहाबाईंनी मला पुसून जानेफळच्या आरोग्य केंद्राला दिलं.

मित्रांनो, माझी चीर कुणीही चिकटवून देईल. तुमच्या घरातल्या माणसांना जपा. कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, किंवा डोक्यात एकाएकी असह्य कळ आली, तर ते कधी सुरू झालं ती वेळ डॉक्टरांना सांगायला बघून ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

दर सोमवारी आशाबाई इथे येतात. डाव्या हातानं मला उचलून बायांसमोर धरतात.

"मी तीन दिस पित्त म्हनत बसली," त्या सांगतात. "तुमी नका बसू."