मोतीलालबाबू जागेवर नाहीत

आमच्या कचेरीच्या सूचनाफलकावर नत्थूने दोन कागद एकाच टाचणीत लावले, तिथून हे सगळं सुरू झालं. नत्थू आमचा शिपाई. टाचण्या पुरत नाहीत म्हणून तो काटकसर करतो. कागदांची काटकसर करावी असं मात्र वरती कुणाला सुचत नाही.

पहिला कागद जुना होता. बाबू लोक कधी जागेवर सापडत नाहीत अशा तक्रारी गेल्या, त्यावरून आलेला. सर्व कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत आपापल्या जागेवर बसून काम करावे. दुसरा कागद नवा. बैठे काम करणाऱ्यांना साखर, रक्तदाब आणि मणक्याचे विकार जडतात, सबब त्यांनी कमी बसावे, जास्त हालचाल करावी, दर अर्ध्या तासाने उभे राहावे. दोन्हींवर सही एकाच साहेबांची. नत्थूने नवा कागद जुन्याच्या अर्ध्यावर चढवला, त्यामुळे वाचणाऱ्याला दिसायचं ते असं: ‘सर्व कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत आपापल्या जागेवर’ आणि खाली ठळक अक्षरांत ‘दर अर्ध्या तासाने उभे राहावे.’

बाकीच्यांनी हे वाचलं नाही. सूचनाफलकापर्यंत जायला उठावं लागतं.

कचेरी कोणती ते सांगत नाही. भंडाऱ्यात आहे, एवढं पुरे. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमची अर्धी माणसं तिकडे गेली आणि खुर्च्या सगळ्या इकडेच राहिल्या. जास्तीच्या खुर्च्या रेकॉर्डरूममध्ये एकमेकींच्या मांडीवर बसल्या आहेत. माणसं येतात, बदलून जातात, रिटायर होतात. खुर्च्या कायम आहेत.

माझं नाव मोतीलाल सोनकुसरे. बावीस वर्षं एका टेबलाशी काढली. माझे वडील मोहाडीला हातमागावर बसत, खड्ड्यात पाय सोडून. साठीला त्यांची पाठ अशी वाकली की उताणं झोपता येईना. पोराला बसल्या जागी नोकरी लागावी म्हणून तो माणूस जन्मभर बसला, आणि लागली. आता माझी पाठ गेली. खानदानी धंदा म्हणतात तो हाच.

डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला. म्हणाले, “सोनकुसरेजी, खालच्या दोन मणक्यांमधली गादी बाहेर येऊन राहिली तुमची. बसणं बंद करा. उभ्यानं काम करा, चाला, फिरा. सहा आठवडे देतो. नाहीतर मग तुमच्या टेबलावरून उठा अन् माझ्या टेबलावर या.”

मी सूचनाफलकावरचा नवा कागद खिशात घातला आणि दर अर्ध्या तासाने उठू लागलो. नळापर्यंत जायचं, परत यायचं. चौथ्या दिवशी तक्रारपेटीत चिठ्ठी पडली, मोतीलालबाबू जागेवर राहत नाहीत. तक्रार खरी होती. ज्या माणसाने केली तो मी नळाकडे गेलो त्या चार मिनिटांत आला, चिडला, चिठ्ठी लिहिली आणि गेला. कचेरीत चार मिनिटांत झालेलं एवढं एकच काम मला आठवतं.

मग मी उंच टेबलासाठी अर्ज केला, म्हणजे उभं राहूनही जागेवर राहता येईल. अर्जाला डॉक्टरांची चिठ्ठी आणि तो कागद जोडला. माझ्या उठण्याची फाईल तीन आठवडे चार टेबलांवर बसली. मी रोज तिला भेटायला जायचो, तेवढीच हालचाल. शेवटी उत्तर आलं: ‘उंच टेबल ही वस्तू मंजूर यादीत आढळून येत नाही. तथापि, आपली पाठदुखी विचारात घेता आपणास गादीची फिरती खुर्ची देण्याची शिफारस करण्यात येत आहे.’

मी ते उत्तर दोनदा वाचलं. उभ्यानंच वाचलं.

नत्थू म्हणाला, “कायले डोकं पिकवता बाबूजी? मागची भिंत पडली ना, तिच्या इटा पडून हायेत.” त्याने सोळा विटा आणल्या आणि टेबलाच्या प्रत्येक पायाखाली चार-चार रचल्या. टेबल थोडं डुलायचं, पण कोपरं बरोबर येत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं झाड बुंध्यापर्यंत दिसलं.

सुटलो असं वाटलं. ते दोन दिवस टिकलं.

तिसऱ्या दिवशी मारोतराव आले. मारोतराव आमच्या संघटनेचे अध्यक्ष. मला खालून वर पाहिलं, टेबलाला खालून वर पाहिलं.

“मोतीलाल, कोणाच्या विरोधात उभा आहेस?”

“कोणाच्याच नाही, मारोतराव. पाठ दुखते.”

“ते वरून सांगाचं. अंदरची गोष्ट सांग.”

“अंदर मणका आहे.”

“बरोबर. असंच बोलत राहा,” ते म्हणाले आणि माझ्या दंडाला काळी फीत बांधून गेले. दुपारच्या सुट्टीत फाटकापाशी घोषणा झाल्या, मोतीलालभाऊ आगे बढो. मला एक पाऊलही पुढे जायचं नव्हतं. जागेवर राहायला मिळालं असतं तरी पुष्कळ होतं.

घोषणा ऐकून साहेब खोलीतून बाहेर आले. एरवी ते दिवसातून दोनदा येतात, अकराला आणि चारला. दारातूनच आमच्या दालनावर नजर टाकतात, खुर्च्या मोजतात आणि डायरीत खुणा करतात. आत येत नाहीत. कूलर त्यांच्या खोलीत आहे आणि मे महिना आमच्या दालनात.

“सोनकुसरे, हे काय चाललंय?”

“सर, आपलं पत्रक. उभे राहावे, असं आहे.”

“उभे राहावे म्हणजे उठावं आणि परत बसावं. उभंच राहावं असं कुठं लिहिलंय?”

“पण मी जागेवरच आहे, सर.”

“जागेवर म्हणजे खुर्चीत. मी दारातून बघतो तेव्हा मला खुर्ची दिसते. रिकामी. तीन दिवस रिकामीच दिसते.” त्यांनी डायरी मिटली. “उद्यापासून एकदा जरी दिसली तर मी सिरोंचाला बदलीची शिफारस करणार. लेखी देतो.”

लेखी मिळालं. संध्याकाळी मी विमलाला, म्हणजे घरी, दाखवलं. आमच्या विभागात सिरोंचाहून लांब जागा नाही. तिने वाचून विचारलं, “सात-आठ तासांची बस हाय. उभ्यानं जासाल का?”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी मी हरलो. विटांवरचं टेबल तसंच ठेवून खुर्चीत बसून पाहिलं. टेबल हनुवटीला आलं. अकराची फेरी निघाली, खूण पडली. दहा मिनिटांत डावा पाय अंगठ्यापर्यंत बधिर झाला. मला उठवायला नत्थू आणि लाखनीहून कामासाठी आलेला खुशाल नावाचा एक शेतकरी, असे दोघं लागले. उठल्यावर खुशाल म्हणाला, “आता लाइनीत या भाऊ, मी पयले आलो होतो.”

ही दुसरी भानगड मला तोवर कळली नव्हती. टेबलाशी उभा असलेला माणूस बाबू आहे, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. उभं राहायचं ते लोकांनी. लोक यायचे, रिकामी खुर्ची बघायचे, माझ्या शेजारी उभे राहायचे आणि माझ्याच नावाने बोटं मोडायचे. मीही मान हलवायचो, कारण मला वाटायचं साहेबांबद्दल बोलतात.

पावणेचारला एक म्हातारी आली. डोक्यावर पांढऱ्या लुगड्याचा पदर, हातात प्लास्टिकची थैली. खुर्ची बघितली, मग मला विचारलं, “बापू, हे बाबू कवा येतीन गा?”

“कोणते बाबू जी?”

“थे मोतीलालबाबू. नाव दुरुस्तीवाले.”

“मीच मोतीलाल.”

“मस्करी नोको करू बापू. तीन चकरा झाल्या माह्या.”

“मागच्या दोनदा कधी आल्या होत्या?”

“या मंगरवारी, अन् दुसऱ्या दिसी बुधवारी. खुर्ची खालीच, कोनी बसून नाई. तू तं होता ना इथंच, उभा! तुले इचारलं बी नाई. म्हटलं, हा बी माह्यावानीच उभा हाय बिचारा.”

माझ्या पाठीसाठी हिला दोनदा परत जावं लागलं होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यावर जी वस्ती दूर वसवली तिथून, दोन बस बदलून. ती समोर उभी होती आणि मीही उभा होतो, फक्त माझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी होती.

नत्थूने साक्ष दिली, “हेच होत बाई, मोतीलालबाबू. शप्पथ.”

तिने मला नीट पाहिलं आणि थैलीतून कागद काढले. आधार कार्डावर गोदावरीबाई. नव्या गावठाणातल्या प्लॉटच्या कागदावर गोदाबाई. दोन्ही एक होत नाहीत तोवर घर तिच्या नावावर चढणार नव्हतं.

“गाव पुरं बुडालं,” ती म्हणाली, “अन् नाव अर्धंच वाचलं. करून दे बापू.”

“देतो. आत्ताच टिपण लिहितो.”

“मंग बस ना खुर्चीवर! उभ्यानं कोनी सरकारी काम करते का? उद्या थे कच्चं निंगलं म्हंजे?”

चाराला पाच कमी होते. खुर्ची रिकामी. बसलो तर पाय जाणार, नाही बसलो तर सिरोंचा. वर हिच्या मते न बसता केलेलं काम कच्चं. मला एकदम संताप आला. कुणाचा ते ठरवता येईना, म्हणून खुर्चीचा आला. ओढून मी ती तिच्यापुढे आदळली.

“तुम्ही बसा, माय.”

“मी? त्या खुर्चीवर? कोनी रागवन तं?”

“रागवायचं ते सगळे माझ्यावरच रागवतात. बसा. तुम्ही बसल्या म्हणजे खुर्चीवर कोणीतरी बसून आहे. काम पक्कं.”

हे तिला पटलं असावं, किंवा गुडघे दुखत असावेत. ती अगदी काठावर बसली, थैली मांडीवर घेऊन. मी तिच्या गावाचं रजिस्टर काढायला कपाटाकडे गेलो.

तेवढ्यात दारात साहेब आले. माझ्या खुर्चीची पाठ दाराकडे असते. दारातून दिसतं ते फक्त टाळकं. मे महिन्यात भंडाऱ्यात अर्धे पुरुष उन्हासाठी डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून असतात. साहेबांना पांढरं डोकं दिसलं. त्यांनी डायरीत खूण केली. माझ्यावरूनही नजर फिरली, पण मी कपाटापाशी उभा होतो. उभा, म्हणजे लोकांपैकी. साहेब कूलरकडे परत गेले.

खुशालने गोदावरीबाईसमोर अर्ज ठेवला. “म्याडम, माहं पाहा ना जरा.”

“मी नाई बा,” ती म्हणाली. “बाबू थो. थो उभा हाय ना, थो.”

“थो? थो तं सकाळपासून लाइनीत हाय!”

“सांगून राहिली ना तुले! बाबूच होय. पाठ गेली त्याची. दे त्याच्यापाशी.”

त्या दिवशी तिचं टिपण झालं, खुशालचं झालं, आणखी चौघांचं झालं. ती प्रत्येकाला माझ्याकडे बोट करून पाठवायची. बसलेल्याने सांगितलं म्हणजे लोक ऐकतात.

सोमवारपासून नत्थूने रीत पाडली. जो सगळ्यात म्हातारा किंवा सगळ्यात दमलेला, तो खुर्चीत. डोक्यावर पांढरं नसेल तर माझा दुपट्टा. बाकीच्यांना त्याने माझ्याकडे वळवायचं. मी उभा, कपाटाकडे जा, परत ये. सहाव्या आठवड्याला डॉक्टर म्हणाले, “आता कापाचं काम नाही.” साहेबांनी लेखी दिलेलं लेखी मागे घेतलं. वर म्हणाले, “बघा सोनकुसरे, बसायला लागलात आणि कामाचा निपटारा कसा वाढला!”

मी पुढचं रजिस्टर काढायला कपाटाकडे गेलो.

महिन्याच्या शेवटी वरून तक्ता आला: पत्रकामुळे किती कर्मचारी कमी बसू लागले? मी भरून पाठवला, ‘एक’. साहेबांनी डायरी उघडून पाहिली आणि लाल शाईने ‘एक’ खोडून ‘निरंक’ केलं.

“तुम्ही तर रोज बसलेले असता,” ते म्हणाले. “खोटी माहिती वर कशी पाठवायची?”

तक्ता गेला. त्याच आठवड्यात माझ्या नावाने गादीची फिरती खुर्ची आली, नियमित बसल्याबद्दल. नत्थूने तिच्यावरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं, तोच गोदावरीबाई दुरुस्त झालेला कागद न्यायला आली. आता तिला सांगावं लागलं नाही. ती थेट जाऊन बसली, थोडी इकडे फिरली, थोडी तिकडे फिरली. कागदावरचं नाव मला मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. गोदावरीबाई. तिने पुन्हा वाचायला लावलं.

कागद थैलीत ठेवला, तरी ती उठेना.

“लय मऊ हाय गा बापू,” ती म्हणाली. “याच्यातून उठावाचं मनच नाई होत.”

“बसा,” मी म्हटलं. “चार वाजायचे आहेत.”