एका तंबूतले इवाई

“तुमी दोघं तं इवाईच. तुमचा तंबू एकच,” असं म्हणत कुलदीपनं नारंगी कापडाचं गाठोडं खुशालरावांच्या हातात कोंबलं आणि तो पुढच्या जोडीकडे वळला.

इवाई म्हणजे व्याही. खुशालराव मुलीचे वडील, शेजारी उभे असलेले भगवंतराव मुलाचे. दोघांपैकी एकानं तेव्हाच तोंड उघडलं असतं तर भानगड तिथंच मिटली असती. ‘आता आम्ही इवाई नाही’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण भोवती वीसेक माणसं, अर्धी अकोल्याची, अर्धी अमरावतीची, एकमेकांची गावं विचारत उभी होती. अशात पोरांची सोडचिठ्ठी चव्हाट्यावर कोण मांडणार? खुशालराव गप्प राहिले. भगवंतराव समोरच्या गाविलगडाच्या तटाकडे असे बघू लागले, जसा काही तो त्यांना विकत घ्यायचा होता. आणि मग गाविलगड ते नरनाळा, डोंगराडोंगरानं पाच दिवस, दोघांनी त्या गप्प राहण्याची फळं भोगली.

खुशालराव तेल्हाऱ्याचे. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त. गाय बोलत नाही, बैल बोलत नाही, तरी कानाला हात लावून, शेणाचा वास घेऊन त्यांचं दुखणं ओळखण्यात माणसाची हयात गेली. शिवाय स्वभाव महाचौकस. गाडीत शेजारी बसलेल्याच्या तीन पिढ्यांची माहिती शेगाव यायच्या आत काढतील. भगवंतराव मोर्शीकडचे संत्रेवाले, तेही त्याच माळेचे मणी. रागिणी आणि किशोरचं लग्न झालं त्या वर्षी दोन्ही घरं मिळून चिखलदऱ्याला आली होती. तेव्हा गाविलगडावर उभं राहून मावळतीच्या रांगांकडे बोट दाखवत भगवंतराव म्हणाले होते, “इथून पायी नरनाळ्याले जाता येत असन काय हो, इवाई?” झालं. दोघांना तोच ध्यास लागला. अमरावतीला जाऊन जोडीनं जोडे घेतले, कुलदीपच्या गिरिभ्रमण मंडळात नावं दिली. पण वनखात्याची परवानगी दोन वर्षं लांबली, पुढच्या साली पोरांचं फाटलं, दोघांनी राजीखुशीनं फारकत घेतली. नावं मात्र मंडळाकडे तशीच राहिली. ‘तो कशाला येतो आता,’ असा विचार करून खुशालराव आले. भगवंतरावही नेमका हाच विचार करून आले.

एकदा समोरासमोर आल्यावर मात्र खुशालरावांच्या मनानं वेगळीच उचल खाल्ली. वर्ष उलटून गेलं होतं, रागिणी दोन बॅगा घेऊन परत आली त्याला. दारातच म्हणाली, “त्याची काही चूक नाही, बाबा.” तेवढंच. पुढं एक अक्षर नाही. तिच्या आईनं, पार्वताबाईंनी, आधी रडून घेतलं आणि मग नवऱ्याला दम दिला, पोरीले खोदून खोदून इचारू नका. खुशालराव खोदून विचारत नसत, पण काहून, काहून हे त्यांच्या डोक्यात जात्यासारखं फिरत असे. नांदतं घर का मोडलं? मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. हे कळल्याशिवाय आपल्याला सुखानं मरणसुद्धा यायचं नाही, असं त्यांना खरंच वाटे. आणि आता ज्याला ठाऊक असणार तो माणूस त्यांच्याच तंबूत झोपणार होता. पाच दिवसांत कधीतरी त्याला विचारायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं होतं. लोकांसमोर “या इवाई, बसा इवाई” चाले, आणि तंबूची चेन ओढली की दोघं मुके. काही लागलंच तर “ऐकलं का” म्हणायचं, जुन्या काळी नवराबायको बोलत तसं. “ऐकलं का, तो टॉर्च.” “ऐकलं का, पाय जरासा तिकडं.” भगवंतराव घोरत. खुशालराव छताला साचलेलं दव बघत पडत, आणि उजाडलं की कुलदीपची शिटी वाजे.

डोंगरातला दिवस मोठा गमतीचा. उठल्याबरोबर बाटली घेऊन झाडोऱ्यात जायचं, तिथं पाचोळा वाजला की वाघ आला असं समजून अर्ध्यातून उठायचं, आणि बघावं तर समोर आपल्यासारखाच बाटलीवाला. मग स्टीलच्या मगात चहा, ओठ भाजेस्तोवर गरम, कारण हातमोजे काढायची कुणाची छाती नसे. तंबू गुंडाळायचा. काल पिशवीत बसलेला तंबू आज त्याच पिशवीत का बसत नाही, याचा दोघांनी रोज मनापासून विचार केला. पुढं वनरक्षक काठी घेऊन, मागं रांग. सागाची वाळलेली पानं पायाखाली अशी सरकत की काळ्या मातीत जन्म काढलेली माणसं लहान पोरांसारखी बसकण मारत. एका कोरकू गावात हापशीवर बाया पाणी भरत होत्या. पाठीवर बोजे घेऊन आलेली ही म्हातारी-कोतारी शहरी माणसं बघून त्यांना हसू आवरेना. एकीनं विचारलं, “गाडी येते ना गावात. मग पायी काहून आले?” यावर अख्ख्या मंडळानं आपापल्या बाटल्या हापशीखाली धरल्या.

चालताना लोकांच्या चौकशा सुरू. अकोल्याच्या सीमाताई म्हणून एक निवृत्त नर्सबाई होत्या, त्यांना या जोडीचं भारी कौतुक. “लेक-जावई कसे आहेत?” त्यांनी विचारलं.

“मजेत,” खुशालराव म्हणाले.

“मजेत,” त्याच क्षणी भगवंतराव म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही आपापल्या खोटेपणाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पायवाट निमुळती झाली, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. खुशालराव सवयीनं बाजूला झाले. पोरीचा बाप तो, इवायाच्या पुढं कसा चालणार? पण भगवंतरावही बाजूला होऊन उभे राहिले. तुम्ही व्हा, तुम्ही व्हा, तोंडानं कुणी बोलेना, नुसते हात. मागं सारी रांग खोळंबली.

“काय राजेहो,” मागून कुलदीप ओरडला, “वाघ आला तरी असाच मानपान कराल काय?”

सगळे खो-खो हसले. भगवंतरावांच्या मिशीतही हसू फुटलं, आणि ते बघून खुशालरावांनाही राहवलं नाही. त्यानंतर चेन ओढल्यावरचा अबोला पहिल्यासारखा कडक राहिला नाही. तिसऱ्या दिवशी तर वाटेत अस्वलाची विष्ठा दिसली तेव्हा दोघं शेजारी शेजारी उकिडवे बसले आणि काडीनं ती उकलून बघू लागले. आत बोराच्या बिया होत्या. “सालं बिया नाही चावत,” खुशालराव म्हणाले. “गिळून राहिलं सारं.” भगवंतरावांनी विचारलं, मग याला अजीर्ण होत नाही काय, आणि त्यावर चांगली अर्धी टेकडी चढून होईपर्यंत चर्चा झाली. कुलदीप फोटो काढत होता आणि उंचावर जरा रेंज आली की मंडळाच्या ग्रुपवर टाकत होता. त्या रात्री खुशालरावांना गाढ झोप लागली. विचारायचं तसंच राहून गेलं.

चौथ्या दिवशी दुपारी, दगडांच्या उतरणीवर, भगवंतरावांच्या उजव्या जोड्याचा तळ निघाला. पुढून उघडला आणि मगरीच्या तोंडासारखा लोंबू लागला. खुशालरावांचे जोडे रोजच्या फिरण्यानं झिजले होते, पण टिकून होते. भगवंतरावांनी आपले कपाटात जपून ठेवले होते, आणि डिंक आतल्या आत वाळून गेला होता.

रांग पुढं जाऊ दिली. भगवंतराव एका दगडावर बसले. खुशालरावांनी पिशवीतून तंबूची जास्तीची दोरी काढली आणि समोर मांडी घातली.

“पाय द्या इकडं.”

“नका. पायाले हात नका लावू.”

“काहून? लग्नात तुमच्या पोराचे धुतले, तवा नाही म्हनलं नाही कोनी.”

“तवा तुमी इवाई होते.”

“अन् आता कोन हो मी?”

भगवंतरावांनी पाय पुढं केला. खुशालरावांनी दोरीचे वेढे घेतले, तळव्याखालून, टाचेमागून, पुन्हा वरून. नाठाळ गाईचे मागचे पाय बांधतात तशी घट्ट गाठ मारली. मान खालीच होती. तशातच ते बोलून गेले.

“एक इचारू?”

“इचारा.”

“हे असं काहून झालं हो?”

खुशालरावांनी मान वर केली. भगवंतराव त्यांच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं.

“मीच तुमाले इचारनार होतो,” ते म्हणाले. “पयल्या दिवसापासून पाहून राहिलो, का तुमी कवा एकटे सापडता. मले वाटलं, पोरगी बापाजवळ बोलली असन.”

“मले वाटलं, पोरगं तुमच्याजवळ बोललं असन.”

“तो एवढंच म्हनते, तिची काही चूक नाही.”

“पोरगी बी हेच म्हनते. त्याची काही चूक नाही.”

“मंग कोनाची?”

माकडांचं एक टोळकं फांद्या हलवत वरून गेलं.

“बगीच्यात एखादं झाड वाळते,” भगवंतराव सावकाश म्हणाले. “आपन कीड पाहतो. मुया उकरून पाहतो. पानी कमी झालं का जास्त, ते पाहतो. काहीच सापडत नाही. तरी वाळते.”

खुशालरावांना हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. वर्षभर ज्याच्या खिशात उत्तर आहे असं धरून चालले, त्याचाही खिसा रिकामा निघाला. त्यांना राग आला, आणि कुणाचा ते कळेना. ते उठले, कपडे झटकले, आणि भगवंतरावांना उठायला हात दिला. तो हात उतरण संपेपर्यंत कुणी सोडला नाही. खाली वळणावर उभा राहून कुलदीप त्यांचा फोटो काढत होता.

पाचव्या दिवशी नरनाळा. तटावर सगळ्यांनी उड्या मारल्या, सीमाताईंनी फुगडी घातली. तिथं फोनला रेंज होती. रागिणीचा फोन आला. “बाबा, मी गाडी घेऊन आली शहानूरले. खाली थांबते.”

भगवंतरावांनी ऐकलं. गड उतरताना, पायथा जवळ आला तसे ते थांबले. “तुमी व्हा पुढं. मी मागून येतो सावकाश. तिले माहं तोंड कायले दाखवता उगंच.”

खुशालरावांनी आढेवेढे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. पोरगी घरात कुढत असताना आपण तिच्या सासऱ्याबरोबर अस्वलाच्या बिया मोजत हिंडलो, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, याचीच जुळवाजुळव करत ते खाली आले.

रागिणी गाडीला टेकून उभी होती. कुलदीप तिच्याशी बोलत होता. “सूनबाई, तुमच्या सासऱ्याले लय सांभाळून आनलं बरं आमी.”

“हो,” ती म्हणाली. तिनंही काही खुलासा केला नाही. मग बापाकडे वळून तिनं विचारलं, “ते कुठी आहेत?”

“कोन?”

“बाबा, फोटो सारे पायले मी. त्या ग्रुपवर घरचेबी आहेत.”

खुशालरावांनी मागं वाटेकडे हात केला. रागिणी रागावलेली दिसत नव्हती. तिनं मागच्या सीटवरून एक पिशवी काढली, पिशवीतून कोऱ्या चपलांचा जोड. “त्याइचा जोडा फाटला ना. नऊ नंबर लागतो, अन् पट्टा रुंद पायजे, नाही तं अंगठा दुखते. तीन वर्षं मीच आनत होती.”

भगवंतराव सगळ्यांच्या शेवटी आले, दोरी बांधलेला पाय ओढत. रागिणी दिसली तसे ते दूरच उभे राहिले. ती गेली, तिनं चपला त्यांच्यासमोर ठेवल्या. ते रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले आणि वाकून गाठ सोडू लागले. ती कुठली सुटते? पाच मिनिटं नखांनी खरवडल्यावर रागिणीच खाली बसली आणि तिनं जोडा आपल्या हातात घेतला. या वेळी त्यांनी नको म्हटलं नाही.

तिच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत भगवंतराव हळूच म्हणाले, “बरी आहेस ना, माय?”

रागिणीनं आधी आजूबाजूला पाहिलं. कुलदीप तंबू मोजत होता, लोक गाड्यांमध्ये सामान भरत होते, कुणाचं इकडे लक्ष नव्हतं. खुशालराव मात्र दोन हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं.

“झोप लागत नाही मले,” रागिणी म्हणाली. “बाकी बरी आहो.”

ती खुशालरावांच्याच घरात राहत होती. मधे एक भिंत. वर्षभर या माणसानं बायकोला, देवाला, स्वतःला, सगळ्यांना विचारून पाहिलं होतं की हे काहून झालं, आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू कशी आहेस. उन्हात उभ्या उभ्या त्यांना रडू आलं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

ते पुढं झाले आणि तिच्याजवळ मातीत बसले.

“कवापासून, बेटा?” त्यांनी विचारलं.

रागिणीनं त्यांच्याकडे पाहिलं. गाठ तशीच राहू दिली, आणि ती सांगू लागली.