शेवटच्या बाकापर्यंतची वायर

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. वायरीचा, वजनदार, तोंडाची जाळी चेपलेला. ती चेपली कोणी? बोलण्याआधी माझ्या डोक्यावर टकटक करून ‘हॅलो, हॅलो’ म्हणणाऱ्या शहाण्यांनी. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते तोच आधी माईक बडवतो, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

जन्मलो कारखान्यात, पण जगलो ते मालवणजवळच्या एका देवळात. सप्त्यात कीर्तनाला बुवा मला हाती घेत. पूर्वरंगातले निरूपण, मग बुक्का आणि हार, आणि उत्तररंगात कथा अशी चढे की टाळकरी टाळ धरायचे विसरत. तेव्हा माझी वायर वीस हात लांब होती. बुवा मला घेऊन सभेत उतरत आणि शेवटच्या खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्याला विचारत, “कळला मा, बाबा?” तो मान हलवून नाही म्हणाला, तर बुवा तेच पुन्हा सांगत. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

पुढे देवळात बिनवायरीचा माईक आला. ऐन गजरात त्याचा सेल संपतो, तरी कौतुक त्याचेच! मी माळ्यावर गेलो. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली.

तिथून मला उचलले देवेशने. गावच्या वाचनालयात दर रविवारी त्याची मंडळी जमते. फोनवर, संगणकावर चालणारी सॉफ्टवेअर बनवायची आणि सर्वांना खुली ठेवायची. कोणीही उघडून पाहावे, चूक दिसली तर दुरुस्त करावी. काम पुण्याचे आहे, यात शंका नाही. पण करणाऱ्यांचा ताठा काय वर्णावा! देवेशने पहिल्याच दिवशी, पायात येते म्हणून, माझी वायर कापून टेबलापुरती ठेवली. ज्यांना कोड लिहिता येत नाही त्यांना तो ‘श्रोते’ म्हणे, आणि म्हणे कसे, तर ‘फुकटे’ म्हणावे तसे. अरे, श्रोत्यांवाचून कीर्तन उभे राहते का?

शेवटच्या बाकावर देवबागच्या सावित्रीकाकी बसत. फोन मराठीत करून घ्यायला म्हणून एकदा आल्या आणि येतच राहिल्या. कोडातले अक्षर कळत नसे, पण चेहरा असा फुललेला की जणू सप्त्याला आल्या आहेत. सगळ्यांसाठी खाजे आणत. पडद्यावरचा एकेक मराठी शब्द मोठ्याने वाचून, कुठला आपल्याकडे कोणीच बोलत नाही ते सांगत. मंडळीतल्या संचिताला एकदा म्हणाल्या, “ह्यां आमच्या सप्त्यासारख्याच आसा गो. जो येता तो आपल्या परीन घालता, नि सगळ्यांका पुरता.” देवेशने ते ऐकले आणि नाक मुरडले.

गेल्या डिसेंबरात मंडळीने भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारे अ‍ॅप तयार केले. रविवारी सभेत बटण दाबायचे, की ते किनाऱ्यावरच्या सगळ्या होडीवाल्यांसाठी खुले होणार. काकींचा मुलगा मितेश पुण्याची नोकरी सोडून नुकताच पर्यटकांची होडी चालवू लागला होता. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ होते, लाट फुटते, होडी उलटते. पण वडीलधाऱ्यांना विचारील तर तो मितेश कसला? तो फोनला विचारणार.

देवेशचे भाषण चाळीस मिनिटे चालले. त्यात अ‍ॅप थोडे आणि ‘मी’ फार. काकींनी तीनदा हात वर केला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “काकी, प्रश्न मागसून. आधी काम केललीं माणसां बोलतली.” पुढचे बाक हसले. पंख्याच्या आवाजात काकींचे बोलणे कोणाला ऐकू जाईना, आणि माझी वायर टेबलापुरती!

संचिता उठली. माझी वायर ज्याला जोडली होती तो स्पीकरचा खोका तिने ओढत ओढत मागे नेला आणि मला काकींच्या हाती दिले. काकींनी मला बडवले नाही.

“देवेशा, माका तुझा कोड कळना नाय. पण आज चवथ. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनाक भरती. तुझा अ‍ॅप सांगता नवाक. आज नवाक माझ्या झिलाची होडी वाळूत पडलेली मी बघून इलंय. उद्यापासून तो हेच बघून लोकांक खाडीच्या तोंडार नेतलो.”

किनाऱ्यावरची जुनी माणसे अशीच, तिथीची पाऊणपट करून, भरतीची वेळ काढतात. विद्वानांना ते ठाऊक नव्हते. संचिताने तिथेच कोड उघडला. भरतीच्या रकान्यात ओहोटीच्या वेळा आणि ओहोटीच्या रकान्यात भरतीच्या! महिनाभर इतक्या डोळ्यांखालून गेल्या आणि एकालाही खुपल्या नाहीत. “किरकोळ तांत्रिक चूक,” देवेश पुटपुटला. होडी उलटली असती तर त्यालाही किरकोळच म्हणाला असता. बटण त्या दिवशी दाबले गेले नाही.

पुढच्या रविवारी मात्र तो बाजारातून वीस हात वायर घेऊन आला. जोड स्वतःच दिला, अर्थात वाकडा. मी अधूनमधून खरखरतो, पण पोहोचतो.

मित्रांनो, मला पुसलेत, जपलेत तर बरेच. नाही जपलेत तरी चालेल. माझी वायर तेवढी कापू नका. ज्याचा आवाज आपोआप पोहोचतो त्याला माझी गरजच नसते.

आता प्रत्येक नवे अ‍ॅप खुले करण्याआधी मी शेवटच्या बाकावर जातो. काकी मला अलगद धरतात, सगळे समजावून सांगतात आणि शेवटी टेबलाकडे पाहून विचारतात, “कळला मा, देवेशा?”

नाही म्हणाला, तर पुन्हा सांगतात.