मू गुरुजींचा खुळखुळा आणि लाल गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी खुळखुळा आहे, पण पाळण्यावर मला कुणी कधी टांगलं नाही. मी कड्यासारखा गोल आहे, आतून पोकळ आहे आणि माझ्या पोटात लोखंडाचे मणी आहेत. चीनमधल्या सिचुआनच्या डोंगरांत फिरणारे वैद्य मला बोटांत अडकवून वाजवत गावात शिरायचे. माझा आवाज आला की कुणी दार उघडायचं, तर कुणी घाईने लावून घ्यायचं. परक्या वैद्याचा भरवसा लोक सहज धरत नसत.

एका तांबटाने मला ओतलं आणि घासूनपुसून मू युआन नावाच्या ताओपंथी वैद्याच्या हाती दिलं. डोक्यावर केसांचा बुचडा, त्यात खोवलेली लाकडी काडी आणि अंगात विटका निळा झगा असा त्यांचा वेश होता. माझी जागा त्यांच्या औषधाच्या पिशवीशेजारी, कमरेला होती.

माझ्या पाठीवर दातांच्या खुणा आहेत. त्यांची हकिगत सांगतो. एका सावकाराच्या कुत्र्याच्या घशात हाड अडकलं होतं. गुरुजींनी मला त्याच्या जबड्यात उभं घातलं, माझ्या मधल्या भोकातून हात आत नेला आणि हाड ओढून काढलं. घडलं ते इतकंच. पण डोंगर ओलांडेपर्यंत त्या कुत्र्याचा लांडगा झाला होता आणि नदी ओलांडेपर्यंत वाघ. पुढे लोक म्हणू लागले, मू गुरुजी दोनशे वर्षांचे आहेत, ते धुक्यावर बसून शिखरावर जातात. गुरुजी हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. नुसते हसत.

एकदा धर्मशाळेच्या मालकाने त्यांना छेडलं, “काय हो गुरुजी, वाघ खरंच होता?”

“कडू काढा लोक ओतून देतात,” गुरुजी म्हणाले. “वाघाच्या वैद्याने दिला तर मुकाट्याने पितात. पिऊ द्या की.”

ते हसू मला आवडलं नाही. जो माणूस एक खोटं असं पोसतो, तो पिशवीत आणखी काय बाळगत असेल, असं माझ्या मनात येऊ लागलं.

एका वसंतात शीच्याओ गावातून बोलावणं आलं. चहाचे मळे असलेल्या तान बाओशेंगची आई आजारी होती. आम्ही अंगणात पाऊल ठेवलं तेव्हा शेजारणी भिंतीआडून बघत होत्या. घरात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. म्हातारीचे हात थरथरत होते, हिरड्या सुजल्या होत्या आणि तोंडातून लाळ गळत होती.

“सगळ्याला तांब्याची चव येते,” ती म्हणाली. “पेजेला, पाण्याला, सगळ्याला. चुलीपाशी कोण असतं ते विचारा!”

चुलीपाशी सून असायची. तिचं नाव पेइरोंग. बाओशेंगने तिला धान्याच्या कोठीत कोंडून बाहेरून कडी घातली होती. दुसऱ्या दिवशी तिला न्यायाधीशापुढे उभं करायचं ठरलं होतं. विष घालणाऱ्या सुनेला तिथे काय शिक्षा होते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

गुरुजींनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग म्हातारीचा हात उजेडात धरून ते थांबले. “आई, नखात हे लाल काय आहे?”

“लाखेचा डबा पुसत होते.” म्हातारीने हात ओढून घेतला.

“डबा दाखवा बरं.”

“वैद्य आहात की झडती घ्यायला आलात?”

बाओशेंगच्या मनात वेगळंच आलं. “बुवा, आधी तुमची पिशवी दाखवा,” असं म्हणत त्याने ती चटईवर पालथी केली. मुळ्या, साली, सुया पडल्या आणि शेवटी एक लाल पुडी पडली. तो हिंगूळ होता. ताओपंथी वैद्य मंतरलेले कागद त्यानेच लिहितात. पण पोटात गेला तर तो विष होतो.

“हे बघा!” बाओशेंग ओरडला. “सून आतून आणि बुवा बाहेरून! दोघांचं आधीच ठरलेलं दिसतंय!”

अंगणात माणसं जमली. कुणी दोर आणा म्हणालं. मित्रांनो, खरं सांगतो, त्या घटकेला माझाही संशय गुरुजींवरच होता. इतकी वर्षं मी त्या पुडीला लागून लटकत होतो.

गुरुजी जागचे हलले नाहीत. म्हातारीपाशी बसून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “आई, तुमच्या नखात हाच हिंगूळ आहे. त्याच्या गोळ्या कुणी दिल्या?”

“सांगितलं तर गुण जातो,” म्हातारी पुटपुटली. मग एकदम चिडली. “आणि मला काय विचारता? तुमच्याच तर आहेत! फेरीवाला म्हणाला, मू गुरुजी याच लाल गोळ्या खाऊन दोनशे वर्षं जगले. त्यांनी वाघाचा जबडा उघडला तो याच गोळ्यांच्या बळावर!”

माणसं दोर विसरून गुरुजींकडे बघू लागली.

नेहमीसारखं हसून ते गप्प राहू शकले असते. गोळ्या तेवढ्या काढून घेतल्या असत्या तर त्यांचं नावही राहिलं असतं. पण त्यांनी मला कमरेपासून सोडलं आणि म्हातारीच्या हातात ठेवलं.

“या खुणा बघा. हा वाघ नव्हता, आई. कुत्रा होता. सावकाराच्या दारातला.”

“कुत्रा?”

“कुत्रा. आणि माझी नुकती पन्नाशी उलटलीय. गुडघे दुखतात. धुक्यावर बसता आलं असतं तर तुमची चढण चढताना एवढी धाप लागली नसती.”

म्हातारीने माझ्या खुणांवरून अंगठा फिरवला. “म्हणजे एका कुत्र्याच्या भरवशावर मी विष गिळत बसले?”

“माझ्या भरवशावर गिळलंत. मी वेळीच ‘नाही’ म्हणालो नाही.”

तिने उशाखालून लाखेचा डबा काढला आणि भिंतीवर फेकला. लाल गोळ्या चटईभर घरंगळल्या. मग मान खाली घालून ती म्हणाली, “त्या गोळ्यांनी वाईट होईल असं माझ्या मनातही आलं नाही. म्हणून वाटलं, हे सुनेचंच काम.”

बाओशेंग कोठीकडे धावला आणि त्याने कडी काढली. दार तरीही उघडेना.

“बाहेरची कडी तुमची होती,” आतून पेइरोंगचा आवाज आला. “ही आतली माझी आहे. माझ्या मनात येईल तेव्हा काढीन.”

तिने ती संध्याकाळी काढली. तोवर गुरुजींनी स्वतः चूल पेटवून मूग आणि ज्येष्ठमधाचं पाणी उकळलं होतं. भातकापणीच्या सुमाराला म्हातारी काठी टेकत अंगणात येऊ लागली. सुनेच्या हातची पेज ती पुन्हा खाऊ लागली, पण तिच्याशी नजर मिळवायला तिला फार दिवस लागले.

गुरुजींना मात्र वेशीपर्यंत पोचवायला कुणी आलं नाही. “वाघबिघ सगळ्या थापाच होत्या तर!” पोरंसुद्धा मागून ओरडली. त्यानंतर ते प्रत्येक गावाच्या फाटकापाशी आधी कुत्र्याची गोष्ट सांगत, मगच मला वाजवत. खूप दारं उघडेनाशी झाली. कधी कधी आम्ही उपाशी पुढे जायचो. पण त्यांच्याबद्दल पुन्हा कधी माझ्या मनात शंका आली नाही.

ते गेल्यावर मी एका खेचराच्या गळ्यात बांधला गेलो, मग भंगारात पडलो. आता एका काष्ठौषधीच्या दुकानात खिळ्याला लटकतो. अंगावर हिरवा गंज चढलाय आणि एक मणी आतच अडकून बसलाय. मला फडक्याने पुसाल तर बरं वाटेल, पण माझं मागणं दुसरंच आहे. मित्रांनो, घरात कुणी आजारी पडलं आणि पेजेची वाटी आणणाऱ्या बाईकडे सगळे संशयाने बघू लागले, तर तुम्ही तिच्याजवळ जा आणि तिने सकाळपासून काही खाल्लंय का, एवढं विचारा. पेइरोंग कोठीत होती त्या दिवशी ते विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.