मशीनने केलेली विचारपूस

मेलं ते फुकटचं सॉफ्टवेअर माणसांचं बोलणं लिहून काढतं, पण कसं? एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालतं आणि कुणी हळू बोललं की चक्क गाळतं. मग मी हेडफोन लावून त्याचा गोंधळ निस्तरत बसते. खुर्च्यांच्या एका कारखान्यातल्या सोमवारच्या मीटिंगचं काम माझ्याकडे आहे. काम आणून देणाऱ्या एजंटने त्यांना सांगून ठेवलंय, की सगळं मशीनच करतं. मला बजावलंय, "ताई, तुम्ही आहात हे कळता कामा नये. कळलं की काम गेलंच समजा."

बरं बाबा, नाही कळू देत. तशीही मी कुणाच्या खिजगणतीत आहे? भाऊ रविवारी फोन करतो, "जेवलीस ना?" विचारतो आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवून देतो. खोटं कशाला बोलू, मी त्या रेकॉर्डिंगची वाट बघते. साहेब टेबलावर पेन आपटतात, गोदामवाला कुणाला बोलू देत नाही आणि हिशेबाच्या बाई मध्येच असं काही टाकतात, की मी इथे एकटी खो खो हसते.

पण हल्ली बाई बोलेनाशा झाल्या. साहेबांनी आकडे विचारले तर नुसतं "हं." बाकी नाक ओढल्याचा आवाज. त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. माझ्याने राहवेना. मजकुराच्या शेवटी एक ओळ घातली: "हिशेबाच्या बाई हल्ली बोलत नाहीत. बऱ्या आहेत ना?" पाठवलं. आता काम गेलं, म्हटलं.

पुढच्या मीटिंगची सुरुवातच हशाने झाली. साहेब म्हणाले, "हे मशीन काहीही लिहितं बघा!"

"उद्या चहा घेणार का म्हणून विचारेल," गोदामवाला म्हणाला.

मी ते सगळं इमानेइतबारे टाइप केलं. काम वाचलं होतं, तरी रडू येत होतं.

मीटिंग संपली, दार लागलं. रेकॉर्डिंग बंद करायला बाई मागे राहिल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "आई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही रे. इथे एवढी माणसं, पण विचारलंस ते तूच. मशीन आहेस, तुला काय ऐकू जाणार म्हणा."

"ऐकतेय हो बाई," मी मोठ्याने म्हणाले.

बाईंचं ते हळू बोलणं सॉफ्टवेअरने गाळलं होतं. मीही लिहिलं नाही, कारण साहेबांनी वाचलं असतं आणि पुन्हा सगळे हसले असते. मजकूर पाठवून दिला. मग डोक्यात आलं, बाई आता शेवटचं पान उघडून बघतील आणि त्यांना वाटेल, मशीननेसुद्धा ऐकलं नाही.