कवयित्री अज्ञात

सोमवार, दिनांक १७ मार्च २०२५, दुपारी साडेतीन वाजता, बोरिवलीतील एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात विभागप्रमुख रत्नप्रभाबाईंनी जेनेव्हिव्हचा एम.ए.चा प्रबंध तिच्यापुढे सरकवला. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या संगणकाने त्याची अकरा पाने लाल केली होती. त्या पानांवर होती मनोरी गावच्या ख्रिस्ती लग्नांत नवरानवरीला न्हाऊ घालायचे ‘उंबराचं पाणी’ विहिरीवरून वाजतगाजत आणताना म्हणायची गाणी. चार वर्षांपूर्वी एका संग्राहकाने ती पुस्तकात छापली होती आणि पहिल्याच पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे बजावले होते.

जेनेव्हिव्हने आवाज न चढवता बाजू मांडली. अभ्यासासाठी, समीक्षेसाठी उतारे घेण्याची मुभा कायदाच देतो. बाईंनी ते मान्य केले; मात्र मुभा म्हणजे ऋणनिर्देशातून सुटका नव्हे, हेही सुनावले. प्रत्येक गाण्याखाली संग्राहकाचे नाव आले तर प्रबंध मंजूर, अन्यथा नापास.

“मॅडम, गाणी हिने रचलीत,” जेनेव्हिव्हने शेजारच्या खुर्चीकडे हात केला. “त्याने हिच्याच ओट्यावर बसून उतरवून घेतली.”

खुर्चीत तिची मावशी कॉन्सेप्टा बसली होती, सणाचे लुगडे नेसून. भाची एम.ए. झाल्याचे तिने गावभर आधीच सांगून टाकले होते.

बाईंनी लिखित पुरावा मागितला. तो नव्हता, कॉन्सेप्टाला लिहिता येत नव्हते. तिने भाचीच्या गुडघ्यावर चापट मारली.

“टाक ना गं त्याचं नाव. गाणं कुठं पळून जातंय? पास हो नि घरी चल.”

जेनेव्हिव्हने टेबलावरचे ते पुस्तक उघडले. तिने एक गाणे मोठ्याने वाचले आणि त्याखालची टीपही वाचली: ‘कवयित्री अज्ञात. इसिडोर: शेतकऱ्यांचे रक्षणकर्ते संत. त्यांच्या हातून सांडणारे पाणी हे ईश्वरी कृपेचे प्रतीक होय.’

कॉन्सेप्टाने पदर तोंडाला लावला. हसू ओसरल्यावर तिने सांगितले, की इसिडोर तिचा दीर. नणंदेच्या लग्नात ताडी पिऊन तो घागरीसकट घसरला, म्हणून त्याला चिडवायला हे गाणे. संत अजून मनोरीत जाळी शिवतो आहे.

रत्नप्रभाबाईंच्या ओठांची कड हलली. टीप चुकीची असेल, त्या म्हणाल्या, पण छापलेले छापलेले असते. संग्राहकाचे नाव घालायला त्यांनी टोपण काढून पेन पुढे केले.

“अज्ञात म्हंजे काय गं?” कॉन्सेप्टाने विचारले.

“कोण ते कुणालाच ठाऊक नाही, अशी.”

वाचता न येणाऱ्या त्या ओळीवरून कॉन्सेप्टाने बोट फिरवले. मग तिने पेन बाईंकडे परत सरकवले.

“तीन दिस ओट्यावर बसवून जेवू घातलं मी त्या पुस्तकवाल्याला,” ती म्हणाली. “नापास हो, बाय.”