पाचवी फट

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. माझ्या अंगात चार फळ्या, तीन बिजागऱ्या, एक कडी आणि एक कोयंडा आहे. फटी पाच होत्या. तीन फळ्यांच्या मध्ये, एक चौकटीशी आणि एक खाली उंबऱ्याशी. पहिल्या चारांत सुरीचे पाते शिरे. पाचवीतून उंदराचे पिल्लू जाई. मित्रांनो, त्या पाचवीबद्दल बोलताना मला अजून लाज वाटते.

१९८१ साली जैनथजवळच्या एका गावात चंपतराव मास्तरांनी घर बांधले. मारोती सुताराने मला घडवले. मास्तरांचे वडील देवाजी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले होते. त्यांच्या खोपटाला गोणपाटाचा पडदा असे. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता आपल्यालेबी दार झालं."

त्या वाक्यावर मी सात वर्षे फुगून होतो. आठव्या वर्षी पावसाने खरेच फुगलो. पंधरा ऑगस्टला सकाळी मी चौकटीत असा अडकलो, की इस्त्रीच्या सदऱ्यातले मास्तर आतच राहिले. ते शाळेत पोचले तेव्हा झेंडावंदन उरकले होते. पोरे हसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मारोतीला बोलावले आणि माझी खालची कड रंध्याने तासून घेतली. मी हलका फिरू लागलो. सगळ्यांनी वाखाणले.

हिवाळ्यात लाकूड वाळले, मी आक्रसलो. पैनगंगेकडचा वारा माझ्या पायाखालून घरात येऊ लागला. त्या वर्षी देवाजींची छाती धरली होती. त्यांना ऊब हवी, असे डॉक्टरांनी बजावले होते. सून आशाबाई अंगणात शेगडी फुलवून त्यांच्या खाटेजवळ ठेवी आणि निजण्याआधी बाहेर काढी. इचोड्याहून महिन्याला कोळशाचे एक पोते येई. ते एकोणीस दिवसांत संपले. पुढचे अकरा दिवस देवाजी गोधडीत कुडकुडले.

मास्तरांनी शेजारच्या मालनबाईंच्या देखत विचारले, "पोतं कुठं जाऊन राह्यलं? कोनाले वाटून राह्यली का तू?"

"मी काऊन वाटू? मामंजीच्या शेगडीतच जाते सारं."

"सूनले काऊन बोलतं रे?" देवाजी खाटेवरून म्हणाले. "मले पायाले वारा लागते."

"बाबा, दार लावेल आहे."

दार लावलेलेच होते. चोर मी होतो आणि बोलणी ती खात होती. मला वाचा असती तरी मी कबुली दिली असती का, याची खात्री नाही. आशाबाईंनी मालनबाईंच्या अंगणात जाणे सोडले.

दुसरे पोते आले. एके सकाळी देवाजींना धुराने ठसका लागला, म्हणून आशाबाईंनी बुद्धाच्या तसबिरीपुढची उदबत्ती माझ्यापाशी आणून ठेवली. सरळ चढणारा धूर आडवा होऊन आत पळाला. त्या थबकल्या. उदबत्ती हातात घेऊन त्यांनी ती माझ्या कडेकडेने फिरवली आणि धूर वाकेल तिथे मास्तरांच्या खडूने फुली मारली. पाच फुल्या झाल्या.

"इकडं या जरा. चोर सापडला."

मास्तरांनी उंबऱ्याशी पट्टी लावली. पाऊण इंच भरला.

मारोती आला, वाकून पाहिले आणि म्हणाला, "तवाच म्हनलो होतो, मास्तर, पाण्यानं फुगेल लाकूड हाय, उन्हाळा दिसू द्या. पन झेंडा हुकला म्हनून तुमाले घाई."

मास्तर चपला घालून मालनबाईंच्या अंगणात गेले. "वैनी, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. कोळसा दारातून जाऊन राह्यला होता. माह्याच करणीनं."

मग घर कामाला लागले. आशाबाईंनी जुन्या लुगड्याची लांब पिशवी शिवून तीत कापूस दाबला आणि ती माझ्या पायाशी ठेवली. मास्तरांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चौकटीला ठोकल्या. मारोतीने फळ्यांतल्या फटी भुसा आणि सरसाने भरल्या. शेगडीसाठी हवा हवी, म्हणून वरचा झरोका मात्र उघडाच ठेवला. "आता पाय माहे झाले," देवाजी म्हणाले.

मित्रांनो, पावसात दार अडले तर रंधा मारण्याची घाई करू नका. थंडीत जळण लवकर संपले तर घरातल्या माणसाला बोल लावण्याआधी एक उदबत्ती लावून दाराखिडक्यांजवळून फिरवा.

तिसरे पोते पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला फोडले. ते एकतीस दिवस पुरले.